साधन ज्याचे, नियंत्रण त्याचे

अंबरनाथ-बदलापूरकडच्या एखाद्या घरात मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाले की थोड्याच दिवसांत दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे लोकलने थेरपी सेंटरच्या फेऱ्या आणि दुसरी म्हणजे मोबाइलवर 'सेन्सरी' वस्तूंच्या जाहिराती. वजनदार पांघरूण, कानांवर लावायचे मफ, चावायची माळ, काटेरी चेंडू, लवचीक कापडाचा झोपाळा, रंग बदलणारा दिवा. प्रत्येक वस्तूखाली मूल शांत होईल, लक्ष लागेल, झोप येईल असे आश्वासन असते. थेरपीची फी, प्रवासखर्च आणि बऱ्याचदा आईने सोडलेली नोकरी या ओझ्याखाली आलेले कुटुंब त्यातल्या चार-पाच वस्तू मागवते. काही आठवड्यांत त्यांतल्या बहुतेक माळ्यावर जातात. यात मुलाचा दोष नसतो, पालकांचाही नसतो. वस्तू आधी घरात आलेली असते आणि ती कशासाठी हवी होती हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

तो प्रश्न आधी कसा विचारायचा, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरसारख्या गजबजलेल्या गावांत त्याचे उत्तर कसे शोधायचे, हे इथे मांडतो आहे. महागड्या वस्तूंशिवायही बरेच काही साधते, आणि काही स्वस्त वस्तूसुद्धा चुकीच्या हाती धोकादायक ठरतात. दोन्ही गोष्टी पालकांना ठाऊक असायला हव्यात.

संवेदना वेगळ्या म्हणजे काय

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये शिकतो. ऑक्युपेशनल थेरपीत आणखी तीन जाणिवा धरतात. सांधे आणि स्नायू सांगतात की हात-पाय कुठे आहेत आणि किती जोर लावला आहे. आतला कान तोल आणि हालचाल सांगतो. आणि शरीराच्या आतून भूक, तहान, लघवीची भावना, छातीची धडधड कळते. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, व्यक्तींपैकी बहुतेकांना यांतल्या एक-दोन किंवा अधिक जाणिवा इतरांपेक्षा खूप तीव्र किंवा खूप मंद मिळतात. एकाच मुलात दोन्ही टोके असू शकतात. मिक्सरचा आवाज त्याला असह्य होतो, पण गुडघा फुटून रक्त आले तरी ते रडत नाही.

ही निरीक्षणे नवी नाहीत. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवरचा जो निबंध लिहिला, तिथून ऑटिझमचा वैद्यकीय इतिहास सुरू होतो. त्यातही व्हॅक्युम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेटायचे यंत्र यांच्या आवाजांनी घाबरणारी मुले आहेत. तरीही निदानाच्या निकषांत संवेदनांना स्पष्ट जागा मिळायला २०१३ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या पुस्तिकेत संवेदनांना कमी-जास्त प्रतिसाद देणे हे ऑटिझमचे एक लक्षण म्हणून आले. भारतात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही मोजपट्टी वापरतात. तिच्या ४० प्रश्नांपैकी ६ प्रश्न संवेदनांविषयीच आहेत. प्रमाणपत्राच्या वेळी पालकांनी दिलेली ही उत्तरे घरी जपून ठेवावीत. साधन निवडण्याची सुरुवात त्यांच्यापासूनच होऊ शकते.

कॅनर यांचे आणखी एक निरीक्षण मात्र फारसे सांगितले जात नाही. ज्या आवाजाने मूल थरथरते, तेवढाच मोठा आवाज ते स्वतः मजेत काढते. दुसऱ्याने पातेले आपटले तर किंचाळणारे मूल स्वतः तासभर पातेली वाजवत बसते, हे ऑटिझम असलेल्या बहुतेक घरांनी पाहिलेले असते. घरच्यांना तो हट्ट किंवा नाटक वाटते. प्रत्यक्षात दोन्ही वेळी आवाज तितकाच असतो, पण एकदा तो अचानक येऊन आदळतो आणि दुसऱ्यांदा त्याची सुरुवात आणि शेवट मुलाच्या हातात असतो. कोणतेही साधन निवडताना ही गोष्ट पायाशी ठेवावी. साधन कधी वापरायचे आणि कधी थांबवायचे हे वापरणाऱ्याच्या हातात असेल तरच ते साधन आहे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण टेम्पल ग्रँडिन यांचे आहे. स्वमग्न असलेल्या या अमेरिकन पशुविज्ञान तज्ज्ञ बाईंनी किशोरवयात मावशीच्या गुरांच्या फार्मवर जनावरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा पाहिला. माणसाने जवळ घेतले की त्यांना गुदमरायला व्हायचे, पण खोल दाबाची शरीराला ओढ होती. अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तसेच दाब देणारे यंत्र बनवले आणि दाब कमी-जास्त करायची सोय स्वतःच्या हाताशी ठेवली. माणसाच्या मिठीत जे जमत नव्हते ते यंत्रात जमले, कारण किती दाब आणि किती वेळ हे त्यांनी ठरवायचे होते.

उलट बाजूचे उदाहरण कॅनडातले आहे. २००८ मध्ये क्यूबेकमधल्या एका शाळेत नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाला शांत करण्यासाठी वजनदार पांघरुणात गुंडाळले गेले आणि तो गुदमरून गेला. त्याला त्यातून स्वतःहून बाहेर येता आले नाही. शांत करणारे म्हणून विकले जाणारे साधन त्या दिवशी बांधून ठेवणारी वस्तू झाले.

आधी पाहा, मग आजूबाजूचे बदला, मग विकत घ्या

पहिले काम म्हणजे निरीक्षण. आठ-दहा दिवस एक वही ठेवा. मूल अस्वस्थ झाले की तीन गोष्टी लिहा: त्याआधी काय घडले, त्याने काय केले, आणि नंतर काय झाल्यावर ते सावरले. वेळ आणि जागाही लिहा. पानागणिक त्यातला साचा दिसू लागतो. रोज साडेसहाला रडणे म्हणजे बऱ्याचदा शेजारच्या कुकरची शिट्टी, खाली खेळणाऱ्या मुलांचा गलका आणि दिवसभराचा थकवा एकत्र आलेले असतात. शाळेतून आल्यावर लगेच भिंतीवर अंग आपटणे म्हणजे दिवसभर बाकावर दाबून धरलेल्या शरीराची मागणी असू शकते. चांगल्या वेळाही लिहा. मूल आपणहून कुठे शांत होते, दिवाणाखाली, कपाटाच्या खणात, आजीच्या मांडीवर की पंख्याकडे बघत, यातूनच हवे ते साधन कळते.

दुसरे, अचानक बदल झाला तर आधी डॉक्टर गाठा. न बोलणारे मूल कान धरून ओरडत असेल तर कानात संसर्ग असू शकतो. कॉलर चावणे वाढले असेल तर दाढ येत असेल किंवा किडली असेल. माती, खडू, भिंतीचा पोपडा खाणे सुरू झाले असेल तर रक्तातले लोह आणि शिसे तपासायला हवे. संवेदनांचा प्रश्न समजून माळ आणून दिली आणि दुखणे तसेच राहिले, असे होऊ नये.

तिसरे, वस्तू घेण्याआधी परिसरात काय बदलता येईल ते पाहा. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्याला ते कळत नाही, पण काहींना त्याचा त्रास होतो, म्हणून चांगला एलईडी दिवा लावून पाहावा. गणवेशाचे लेबल उसवून काढणे, पायमोजे उलटे घालणे म्हणजे शिवण बोटांना लागत नाही, नवे कपडे दोन-तीनदा धुऊन मऊ करणे, कुकर लावण्याआधी मुलाला सांगणे, यांना पैसे लागत नाहीत. दिवसभराच्या कामांची चित्रांची पाटी भिंतीवर लावली की पुढे काय येणार हे मुलाला आधी कळते. निम्मा त्रास 'अचानक' या एका गोष्टीचा असतो.

आवाज

आपल्या भागात आवाजाचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. कल्याणहून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या वाटेवर फास्ट गाडीचा भोंगा, फलाटावरची उद्‌घोषणा आणि चढताना-उतरताना होणारी रेटारेटी. उल्हासनगरच्या बाजारातली लाऊडस्पीकरवरची सेलची घोषणा. चेटीचंडची मिरवणूक, दहीहंडी, गणपती, दिवाळी. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराभोवती उसळणारी जत्रा.

कान झाकण्याची साधने तीन प्रकारची असतात आणि तिन्हींचे काम वेगळे आहे. कारखान्यातले कामगार लावतात तसे साधे इअरमफ बहुतेक आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने कमी करतात. दहा डेसिबल कमी झाले की आवाज अंदाजे निम्मा वाटतो, म्हणजे हा फरक मोठा आहे. फटाका, शिट्टी, टाळी अशा अचानक आवाजांवर हेच उपयोगी. मोठ्यांचे मफ लहान डोक्याला घट्ट बसतात किंवा सैल राहतात, म्हणून मुलांच्या मापाचे घ्यावेत. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक नॉइज कॅन्सलिंग हेडफोनचा. ते गाडीची घरघर, एसी, पंखा अशा सतत चालणाऱ्या खर्जातल्या आवाजावर चांगले चालतात, पण अचानक फुटणाऱ्या सुतळी बॉम्बपुढे फार उपयोगी नाहीत. हजारो रुपये देण्याआधी त्रास कोणत्या आवाजाचा आहे हे वहीत पाहावे. तिसरा प्रकार कानात घालायच्या बोळ्यांचा. कामावर जाणाऱ्या तरुणांना तो सोयीचा असतो, कारण दिसत नाही. अगदी लहान मुलांच्या बाबतीत बोळा तोंडात जाण्याचा धोका असतो.

ढोल-ताशाचा खर्ज छातीत आणि पोटात घुमतो. तो मफने थांबत नाही, तिथे अंतर हाच उपाय. मिरवणूक येण्याआधी घराच्या मागच्या खोलीत जाणे, गणपती सकाळी गर्दी नसताना पाहणे, जत्रेला आदल्या दिवशी पहाटे जाणे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातलेली आहे. त्यामुळे सोसायटीला किंवा मंडळाला आवाज कमी ठेवायला सांगणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

इअरमफ दिवसभर लावून ठेवू नयेत. सामान्य श्रवणशक्ती असलेल्या लोकांना दोन आठवडे सतत कानात बोळे घालायला लावल्यावर तेच आवाज त्यांना आधीपेक्षा मोठे वाटू लागले, असा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शांततेत ठेवलेला मेंदू आवाजाची पातळी आतून वाढवतो. म्हणून मफ गळ्यात किंवा दप्तरात असावेत, गरज पडली की मुलाने स्वतः लावावेत आणि नंतर काढावेत. फलाटावर आणि रस्ता ओलांडताना मफ लावलेल्या मुलाचा हात मोठ्यांनी धरायलाच हवा. रुळ ओलांडण्याचा तर प्रश्नच नाही, पुलावरूनच जायचे.

दाब, वजन आणि स्पर्श

मऊ, हलका, अनपेक्षित स्पर्श अनेकांना नकोसा असतो आणि खोल, स्थिर दाब हवासा असतो. वजनदार पांघरुणे आणि जॅकेटे याच अनुभवावर आधारलेली आहेत. त्यांच्याविषयी संशोधन काय म्हणते तेही पाहावे. झोपेच्या तक्रारी असलेल्या स्वमग्न मुलांवर ब्रिटनमध्ये झालेली एक मोठी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ६७ मुलांनी काही दिवस वजनदार आणि काही दिवस साधे पांघरूण वापरले. उपकरणांनी मोजलेल्या झोपेत फरक पडला नाही, मात्र मुलांना आणि पालकांना वजनदार पांघरूण जास्त आवडले. म्हणजे हजारो रुपये घालून झोपेची हमी मिळत नाही, पण मुलाला ते प्रिय असेल तर त्या प्रेमालाही किंमत आहे. वर्गात लक्ष लागावे म्हणून घातल्या जाणाऱ्या वजनदार जॅकेटांचा पुरावा तर याहून कमकुवत आहे.

आपल्या घरात गोधडी आहेच. आईच्या जुन्या साड्यांचे अनेक थर घालून शिवलेली गोधडी जड असते, मऊ असते, ओळखीच्या वासाची असते, आणि मुलाला ती लाथेने बाजूला करता येते. मांडीवर ठेवायची छोटी वजनदार पिशवी हवी असेल तर उल्हासनगरइतके सोयीचे गाव नाही. जीन्सच्या व्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात उरलेल्या डेनिमचे तुकडे आणि जाड कापड शिवणारी मशिने दोन्ही आहेत. दुहेरी शिवणीच्या, छोट्या कप्प्यांच्या पिशवीत तांदूळ भरून घेतले की काम होते. कप्पे हवेत, म्हणजे दाणे एका कोपऱ्यात जमत नाहीत. पिशवी फाडून दाणे तोंडात घालणाऱ्या मुलाला मात्र ती देऊ नये. वजन शरीराच्या दहा टक्के असावे असा आकडा सर्वत्र सांगतात. तो सोयीचा अंदाज आहे, संशोधनाने ठरलेला नियम नाही. नियम दोनच: डोके आणि तोंड कधीही झाकायचे नाही, आणि मूल ते स्वतः, एका हाताने, काढू शकले पाहिजे. तान्ह्या बाळाला वजनदार पांघरूण मुळीच द्यायचे नाही. फिट येणाऱ्या, श्वसनाचा त्रास असलेल्या किंवा स्नायू अशक्त असलेल्या मुलांबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

सांध्यांना आणि स्नायूंना काम देणारी घरकामे हे सर्वांत स्वस्त साधन. कणीक मळणे, पाण्याची कळशी उचलणे, धुतलेल्या चादरी पिळणे, भाजीची पिशवी जिन्यावरून आणणे, गादी उचलून टाकणे. अशा कामांना थेरपिस्ट 'जड काम' म्हणतात. शाळेत जाण्याआधी असे दहा मिनिटांचे काम झालेले मूल बाकावर जास्त वेळ बसते असा अनेक पालकांचा अनुभव आहे, आणि करून पाहायला धोका काहीच नाही. तोंडाने चावण्याची गरज असलेल्या मुलांना जेवणात गाजर, भाकरीचा कडक पापुद्रा, खारीक असे चावायला लावणारे पदार्थ वयानुसार आणि समोर बसून द्यावेत. चावायची माळ घ्यायचीच असेल तर ती अन्नासाठी सुरक्षित सिलिकॉनची, ओढल्यावर सुटणाऱ्या कडीची असावी आणि तुकडा निघू लागला की टाकून द्यावी.

झोपाळा, स्लॅब आणि पाणी

हालचालीची भूक असलेल्या मुलासाठी झोपाळा फार चांगला. पुढे-मागे संथ झोके बहुतेकांना शांत करतात, गोल गरगर फिरणे उत्तेजित करते. झोका हळू आणि सरळ असावा, पाय जमिनीला टेकावेत आणि थांबवायचा निर्णय मुलाचा असावा. मूल पांढरे पडले, घाम आला, उलटीची भावना झाली तर लगेच थांबवावे.

पण झोपाळा कुठे टांगायचा? छताला कडी मारण्याआधी इमारतीचा विचार आवश्यक आहे. उल्हासनगरमध्ये २०२१ च्या मे महिन्यात दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. अशा इमारतींत पंख्याच्या कडीला कापडी झोपाळा अडकवणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ. संरचना अभियंत्याचा होकार नसेल तर जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट घ्यावी. जागा नसेल तर मोठा व्यायामाचा चेंडू, फोमच्या गादीवर उड्या, दोघांनी चादर धरून जमिनीलगत हळू हलवणे, असे जमिनीवरचे मार्ग आहेत. फोमचा जाड तुकडा आणि दोन कुशने यांतून एक 'शांत कोपरा' तयार होतो. तिथे कुणी मागे लागायचे नाही, अभ्यास घ्यायचा नाही, आणि शिक्षा म्हणूनही कुणाला पाठवायचे नाही.

पाण्याची ओढ असलेली मुले पुष्कळ. बादलीतले, टबातले पाणी हे उत्तम साधन आहे. पण आपल्या भागात उल्हास नदी आहे, बदलापूरजवळ बारवी धरण आणि कोंडेश्वरचा धबधबा आहे, आणि घरातून एकटे निघालेले मूल तिकडे जाऊ शकते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनी चौथ्या वर्षानंतर कधी ना कधी सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. म्हणून दाराला वर कडी, मुलाच्या कपड्यात किंवा हातातल्या पट्टीवर पालकांचा फोन नंबर, आणि लवकरात लवकर पोहायला शिकवणे ही साधनेच आहेत. खेळण्यांआधी त्यांच्यावर खर्च करावा.

काम होते आहे का, हे कसे ओळखायचे

एका वेळी एकच साधन आणा. काय बदलायला हवे ते आधी एका वाक्यात लिहा: 'रात्रीच्या जेवणाला दहा मिनिटे बसता यावे', 'लोकलमध्ये अंबरनाथ ते कल्याण कान न धरता जाता यावे'. दोन आठवडे वापरा, मग वही उघडा. फरक नसेल तर साधन बंद करा. बंद करणे म्हणजे हार नव्हे, एक शक्यता तपासून झाली.

थेरपीच्या दाव्यांनाही हीच कसोटी लावावी. सेंटरमधली संवेदनांची थेरपी ज्यावर उभी आहे, तो संवेदनांच्या एकत्रीकरणाचा (सेन्सरी इंटिग्रेशन) सिद्धांत अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांचा. १९७२ मध्ये त्यांचे मुख्य पुस्तक आले. २०१४ मध्ये अमेरिकेत ३२ मुलांवर झालेल्या चाचणीत या पद्धतीच्या थेरपीने पालकांनी ठरवलेली रोजच्या जगण्यातली उद्दिष्टे अधिक साध्य झाली. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या १३८ मुलांवरच्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या सेवांपेक्षा जास्त लाभ दिसला नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१२ मध्येच सांगितले होते की ही थेरपी सर्वंकष उपचारांचा एक भाग म्हणून चालू शकते, पण पुरावा मर्यादित आहे हे पालकांना स्पष्ट सांगावे. 'याने ऑटिझम बरा होतो' असे म्हणणाऱ्या सेंटरमधून उठून यावे. 'याने तुमच्या मुलाला जेवायला बसणे सोपे होईल का, ते आपण सहा आठवड्यांत पाहू' असे म्हणणाऱ्या थेरपिस्टवर विश्वास ठेवावा.

ऑक्युपेशनल थेरपीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली ती कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाई लग्नानंतर महाराष्ट्राच्या झाल्या. मूल आजारी आहे असे धरून त्याला सुधारण्यापेक्षा त्याला जगण्यातली कामे करता यावीत, हा या शाखेचा गाभा आहे. थेरपिस्ट निवडताना महाराष्ट्रातल्या परिषदेकडची नोंदणी विचारावी, आणि थेरपीच्या खोलीतली वस्तू घरी विकत घ्यायला सांगितली तर 'हिच्याऐवजी घरातले काय चालेल?' हेही विचारावे. चांगला थेरपिस्ट या प्रश्नावर खूश होतो.

खर्चाला थोडा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझम स्वतंत्रपणे येतो. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा कवच मिळते आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधून झाली. त्यातली पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुले तपासतात. त्यांच्याकडे मुलाच्या संवेदनांविषयीची तक्रार स्पष्ट शब्दांत नोंदवावी.

शाळेत, कामावर, मोठेपणी

वर्गात पन्नास मुले असली तरी काही गोष्टी जमतात. खुर्चीच्या पुढच्या पायांना सायकलची जुनी ट्यूब बांधली की मूल पायाने ती दाबत बसते आणि उठून पळत नाही. वह्या ऑफिसमध्ये पोचवणे, फळा पुसणे, पाण्याच्या बाटल्या भरून आणणे अशी कामे दिली की हालचालीची सुटी आपोआप मिळते. घंटेच्या आधी इअरमफ लावायची परवानगी आणि 'मला बाहेर जायचे आहे' असे एक कार्ड. २०१६ च्या कायद्याचे कलम १६ शाळांना अशा वाजवी सोयी करायला सांगते, म्हणून मुख्याध्यापकांकडे अर्ज लेखी द्यावा.

स्वमग्न मुले मोठी होतात, याचा आपल्याला विसर पडतो. पस्तीस वर्षांच्या माणसाच्या हातात रंगीत रबरी खेळणे देणे अपमानकारक असते. त्याला खिशातला गुळगुळीत दगड, किल्लीची साखळी, डोक्यावर टोपी, कानात बोळे, भिंतीकडची खुर्ची, आणि गर्दीच्या आधीची लोकल पकडता येईल अशी कामाची वेळ हवी असते. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्याने किंवा उल्हासनगरमधल्या दुकानाने एवढी सवलत दिली तर चांगला, नेमका आणि वक्तशीर कामगार मिळतो. स्वतः बोलू शकणाऱ्या प्रौढाला काय हवे ते विचारा, आणि तो सांगेल ते माना.

बोलू न शकणाऱ्यालाही विचारता येते. दोन वस्तू समोर ठेवा, कशाकडे हात जातो ते पाहा. 'थांब' आणि 'अजून' अशी दोन चित्रे द्या आणि 'थांब' दाखवले की खरोखर, त्याच क्षणी, थांबा. मूल पांघरूण ढकलते, मफ फेकते, झोपाळ्यावरून उतरते, तेव्हा ते उत्तर देत असते. आपले म्हणणे मानले जाते हे ज्या मुलाला कळले, ते पुढच्या वेळी किंचाळण्याआधी चित्राकडे बोट दाखवते. म्हणून घरात कोणतीही वस्तू आणण्याआधी 'थांब'चे चित्र आणा. दोन रुपयांच्या कार्डावर ते काढता येते, आणि बाकीची सगळी साधने त्याच्याच भरवशावर सुरक्षित होतात.